बुक शेठच्या नावावर, हप्ते मात्र तुमचे?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ३४. गेली चौदा वर्षं ट्रक ड्रायव्हर, त्यातली शेवटची सहा एकाच शेठकडे. जालन्याची सळई घेऊन कळंबोली-भिवंडीला जायचं आणि मिळेल ते रिटर्न भाडं घेऊन यायचं, हा नेहमीचा फेरा. शेठ आता धंदा आवरता घेत आहेत. २०१४ ची दहा टायर गाडी ते ‘घरातला माणूस म्हणून’ यांना द्यायला तयार आहेत. गाडीवर मध्यंतरी पुन्हा काढलेल्या कर्जाचे सोळा हप्ते बाकी आहेत, म्हणून ते फिटेपर्यंत बुक (गाडीच्या नोंदणीचं आरसी बुक) आणि परमिट शेठच्याच नावावर ठेवायचं, आपसात नोटरी करायची, अडीच लाख आधी द्यायचे आणि हप्त्याचे पैसे महिन्याला शेठच्या हातात द्यायचे, असं ठरत आहे. ओळखीचा दलाल म्हणतो, पासिंगप्रमाणे (बुकवर मंजूर वजनाइतकाच) माल भरलास तर हप्तासुद्धा सुटणार नाही. बायको म्हणते, नोकरी बरी. जीएसटीचीही धास्ती आहे. वाचक विचारतात: ‘सगळं कायद्याने करायचं म्हटलं तर परवडतं का? की आधी उभं राहायचं आणि कागद मागून करायचे?’

भाऊ,

शेठच्या मनात खोट आहे असं मी धरून चालत नाही. ज्यांनी सहा वर्षं तुमच्या भरवशावर गाडी सोडली, ते तुम्हाला मुद्दाम बुडवतील असं तुमच्या पत्रात कुठेच जाणवत नाही. पण उद्या त्यांना काही झालं, मुलाने कारभार हातात घेतला किंवा त्यांचं दुसरं एखादं कर्ज थकलं, तर तुमच्याकडे उरतं काय? एक नोटरी. तुमच्या दोघांच्या भांडणात तिचा थोडाफार उपयोग होईल. फायनान्सवाले, विमा कंपनी आणि आरटीओ यांच्यापुढे तिच्या जोरावर तुम्ही मालक ठरत नाही.

आधी फायनान्सचं बघू. कर्ज असलेल्या गाडीच्या बुकवर फायनान्सरचं नाव चढलेलं असतं आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलत नाही. तुम्ही शेठना पैसे देणार, शेठ पुढे भरणार. मध्येच दोन-तीन हप्ते राहिले, तर गाडी ओढून नेणारे तुमची वही बघायला थांबणार नाहीत. तुमचे अडीच लाख आणि तोवरचे हप्ते गाडीबरोबर यार्डात जाऊन उभे राहतील. परमिटचंही तसंच. ते ज्याला दिलं त्यालाच दिलेलं असतं, प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही.

आता अपघाताचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून फिरलेली असो. म्हणजे तुमच्या हातून काही घडलं तर अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलची नोटीस शेठच्या घरी जाईल. त्याच वर्षी याच न्यायालयाने असंही म्हटलं, की परमिटच नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. अशा वेळी कंपनी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर पॉलिसीवर ज्याचं नाव त्यालाच मागता येतो, आणि गाडी विकलेली आहे हे कळलं की तोही अडतो.

शेठशी बोलताना हा मुद्दा पुढे करा. ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असं म्हणायची वेळच येणार नाही. ‘गाडी मी चालवणार आणि उद्या कोर्टाचे खेटे तुम्हाला घालावे लागणार, ते मला नको’ असं म्हणा. शहाणा माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतःच फायनान्सवाल्याला फोन करील.

सरळ रस्ता काय, तेही सांगते. शेठना फायनान्सकडून आजचा फोरक्लोजरचा आकडा लेखी मागवायला सांगा. हप्ते गुणिले सोळा हा आकडा वेगळा आणि आज कर्ज मिटवायला लागणारा आकडा वेगळा. तुम्ही स्वतःच्या नावावर जुन्या गाडीचं कर्ज काढा, त्यातून त्यांचं कर्ज परस्पर मिटवा, एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन जुना बोजा उतरवा. मग मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, तुमच्या कर्जासाठी फॉर्म ३४. परमिट हस्तांतराचा अर्ज वेगळा करावा लागतो, मालकी बदलली म्हणून परमिट आपोआप बदलत नाही. विमा तुमच्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. थर्ड पार्टीचं (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचं) संरक्षण कायद्यानेच गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. नवशिके मालक नेमके इथे फसतात.

एजंट लावू नका असं मी म्हणत नाही, चार दिवसांची मजुरी वाचते. फक्त वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचाच चढवून घ्या. एजंट सवयीने स्वतःचा नंबर टाकतात. मग चलनाचे मेसेज त्याला जातात आणि प्रत्येक ओटीपीसाठी तुम्ही त्याच्या दारात.

पण हे सगळं करण्याआधी गाडीचा नंबर फोनवर परिवहनच्या अॅपमध्ये टाका आणि चहा घेत सावकाश वाचा. मालक कितवा आहे. टॅक्स कुठपर्यंत भरलेला आहे. पासिंगची (फिटनेस तपासणीची) तारीख: आठ वर्षांवरच्या गाडीला ते दर वर्षी करावं लागतं. विमा, पीयूसी, परमिटच्या तारखा. फायनान्सरचं नाव तेच आहे का जे शेठ सांगतात. ई-चलन किती बाकी आहेत. तुम्ही चालवताना लागलेलीही त्यात असतील, ती कोणी भरायची हे आत्ताच बोलून घ्या. शेवटी चेसिस नंबर, अॅपमधला आणि गाडीवर खोदलेला, शेजारी ठेवून जुळवा.

तिथेच आणखी दोन गोष्टी दिसतील, ज्यांबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही. पहिली गाडीच्या वयाची. नॅशनल परमिट (परराज्यात माल नेण्याचं परमिट) दोन धुऱ्यांच्या (एक्सलच्या) गाडीला १२ वर्षांपर्यंत आणि त्याहून जास्त धुऱ्यांच्या गाडीला १५ वर्षांपर्यंत मिळतं. दहा टायर म्हणजे तीन धुरे, तेव्हा ही गाडी २०२९ मध्ये नॅशनल परमिटमधून बाहेर पडणार. त्यानंतर राज्यातल्या राज्यात, आणि गाडी जुनी होत जाते तशी पासिंगची फी चढत जाते. दुसरी गोष्ट उत्सर्जनाची. २०१४ ची गाडी बहुधा बीएस-३ (धुराच्या जुन्या मानकाची) असेल. दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही, म्हणजे रावेरची केळी घेऊन दिल्ली हे भाडं तुमच्यासाठी बंद. सोळा हप्ते संपतील तेव्हा या गाडीची किंमत काय असेल, हा हिशेब शेठच्या ‘घरातल्या’ भावात धरला आहे का, ते विचारायला लाजू नका.

आता दलालाच्या बोलण्याकडे वळू. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. मात्र त्याची कमाईही बहुधा टनावरच असते, हे लक्षात असू द्या.

बुकवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. मधला फरक तोच तुमचा माल. २०१८ मध्ये केंद्राने धुऱ्यामागचं वजन वाढवलं, म्हणून आताच्या दहा टायर गाड्या २८ टनांच्या येतात. तुमची २०१४ ची, तिच्या बुकवर २५ टन असणार. दलाल नव्या गाडीचा आकडा सांगत असेल तर सुरुवातच तीन टनांच्या चुकीने होते आहे. समजा रिकामी गाडी ९ टन, तर कायद्याने माल १६ टन. तो म्हणतो २१ भर. टनाला हजार रुपये भाडं धरलं तर फेरीला ५,००० जादा सुटतात, आणि ते मोह पाडणारे आहेत, कबूल.

आता दुसरी बाजू. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. पाच टनांचे झाले ३०,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, खर्च तुमचा. वजनकाटा टाळायला गाडी पळवली तर दंड ४०,०००. एकदा सापडलात की सहा फेऱ्यांची जादा कमाई गेली. हे तुम्ही कदाचित सोसाल. पण ओव्हरलोडसाठी ड्रायव्हरचा परवानाही निलंबित होतो, साधारण तीन महिने. आजवर तो धोका शेठच्या धंद्यासाठी तुम्ही घेत होतात आणि परवाना गेला असता तर शेठनी दुसरा ड्रायव्हर बसवला असता. आता गाडीही तुमची आणि ड्रायव्हरही तुम्हीच. तीन महिने गाडी दारात उभी आणि हप्ता चालू. कसाऱ्याच्या उतारावर पाच टन जादा घेऊन ब्रेक कसे तापतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग दलालाचं अर्धं खरं कोणतं? ज्या मालात सगळेच जादा भरतात, तिथे भाड्याचा दरच जादा वजन गृहीत धरून ठरलेला असतो. सळई, वाळू, सिमेंट, कोळसा. अशा मालात एकटा माणूस पासिंगप्रमाणे भरायला गेला तर त्याचं गणित बसत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही त्यावरून ‘कायद्याने परवडत नाही’ असं ठरवताय. मला त्यावरून दिसतं ते इतकंच, की हा माल आणि ही गाडी तुम्हाला परवडत नाही. वजनाला हलका आणि जागा खाणारा माल बघा: प्लास्टिकच्या वस्तू, फ्रिज-वॉशिंग मशीन, पॅकिंगचे पुठ्ठे, पार्सल, गाड्यांचे सुटे भाग. इथे गाडी आधी भरते, वजन मागे राहतं. भाडं गाडीवर ठरतं. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर स्वतःचा काटा असतो, बुक बघितल्याशिवाय आत घेत नाहीत आणि वजन चढलं तर बाहेर सोडत नाहीत. त्यांचे पैसे उशिरा येतात, पण तिथे कागद पुरे असलेल्या गाडीला मागणी असते.

फेरीचा हिशेब एकदा कागदावर मांडा. जालना ते कळंबोली साधारण ४०० किलोमीटर, जाऊन-येऊन ८००. लिटरला चारचं अॅव्हरेज धरलं तर २०० लिटर. नव्वदच्या भावाने १८,००० रुपयांचं नुसतं डिझेल. मग टोल (समृद्धीने गेलात तर वेळ वाचतो, टोल चढतो), भत्ता, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), ताडपत्री-रस्सी, टायरची झीज. या सगळ्यावर गाडी उभी असली तरी चालू राहणारा खर्च: हप्ता, विमा, टॅक्स, परमिट. महिन्याचा हा स्थिर खर्च महिन्यात होऊ शकणाऱ्या फेऱ्यांनी भागा. फेऱ्या मोजताना माल उतरवायला लागणारी खोटी (खोळंबा) सोडू नका, भिवंडीच्या गोदामाबाहेर दोन-दोन दिवस रांगेत उभं राहणं तुम्हाला नवीन नाही. तेव्हा फक्त वेळ जायचा, आता पैसे जातील.

रिटर्न भाड्यात एक बारीक मेख आहे. नॅशनल परमिटवर परराज्यात गेल्यावर त्या राज्यातल्याच दोन ठिकाणांमधला माल उचलता येत नाही. सुरतला माल उतरवून सुरत ते भिवंडी घ्या, चालेल. सुरत ते अहमदाबाद चालणार नाही. वाटेत ‘जाता जाता एवढं टाकून जा’ म्हणणारे भेटतात, तेव्हा आठवण ठेवा.

जीएसटीला तुम्ही फारच घाबरलेले दिसता. सुरुवातीला तरी तसं कारण नाही. तुमची गाडी एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे लावली आणि बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) त्याच्या नावाची निघत असेल, तर तुमच्या भाड्यावर जीएसटी नाही. तुम्ही स्वतःच्या नावाने बिल्टी काढायला लागलात की चित्र बदलतं. मग ५ टक्के, पण तुम्हाला क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, किंवा १८ टक्के क्रेडिटसह, असे पर्याय येतात. आणि सगळ्यांचा माल घेणारा वाहतूकदार म्हणून २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली नोंदणीही करावी लागते. ते दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतरचं बघू. ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तयार करणं बहुतेक वेळा माल पाठवणाऱ्याचं काम, पण गाडी सोडण्याआधी त्यावरचा गाडी नंबर आणि मुदत स्वतः वाचा. दिवसाला २०० किलोमीटर या हिशेबाने मुदत मिळते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नंबर बदलून घेतल्याशिवाय ती हलवू नका.

इन्कम टॅक्समध्ये दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला सोपी वाट आहे. १२ टनांवरच्या गाडीसाठी टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं. २५ टनांच्या गाडीचे वर्षाला ३ लाख होतात. सविस्तर वह्या ठेवायची सक्ती नाही. कर लागत नसला तरी रिटर्न भरा, पुढच्या गाडीच्या कर्जाला बँक तोच कागद आधी मागते. गाडी लावताना ट्रान्सपोर्टवाल्याला पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लिहून दिलं, की तो टीडीएस कापत नाही.

क्लीनर ठेवणार असाल तर त्याच्यासाठी विम्यात वेगळा प्रीमियम भरा, रक्कम किरकोळ असते. स्वतःचा मालक-चालक अपघात विमाही बघून घ्या. पुढे कधी दुसरा ड्रायव्हर बसवलात तर त्याच्या लायसन्सची मुदत ऑनलाइन तपासा, नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका.

तुमच्या बायकोच्या म्हणण्याकडेही जरा नीट बघा. ‘नोकरी बरी’ हे भीतीपोटी म्हटलं आहे असं तुम्ही लिहिता. मला त्यात हिशेब दिसतो. घरात पहिल्या तारखेला काय येतं हे तिला माहीत आहे. गाडी घेतल्यावर अॅडव्हान्स डिझेलमध्ये जाईल आणि बॅलन्स (उरलेलं भाडं) पोच दिल्यावर, कधी महिन्याने येईल, हेही ती ड्रायव्हरची बायको म्हणून ऐकून आहे. तिला गाडीचा खर्च आणि भाड्याची वही लिहायला द्या. कोणत्या पार्टीकडे किती अडकलं आहे, हे तुमच्या आधी तिच्या लक्षात येईल.

पर्याय मला तीन दिसतात. शेठची गाडी, पण मालकी बदलून आणि २०२९ लक्षात घेऊन पाडलेल्या भावात. नाहीतर लहान गाडी: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार साधं हलक्या वाहनाचं लायसन्सही चालतं, म्हणजे उद्या भावाला किंवा मेहुण्याला बसवायचं झालं तर अडत नाही. ३,००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. नव्या ट्रकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा नवी चौदा फुटी (चौदा फूट बॉडीची) गाडी घेऊन भिवंडीच्या गोदामांतून आसपासच्या शहरांत माल टाकणं, हे गणितही एकदा करून बघा. तिसरा पर्याय, आणखी काही महिने नोकरी करायची आणि त्या काळात प्रत्येक फेरीला कोण किती भाडं देतो, बॅलन्स किती दिवसांनी येतो, कुठे किती खोटी होते, हे लिहून काढायचं.

मी तुमच्या जागी असते तर तिसऱ्यापासून सुरुवात केली असती. नोटरीवर तर सही केलीच नसती. शेठ मालकी बदलायला तयार झाले, तर भाव करायला बसताना फोरक्लोजरचा कागद आणि गाडीचा अॅपमधला तपशील समोर ठेवा, आणि अडीच लाखांतले पन्नास हजारसुद्धा एनओसी हातात येण्याआधी देऊ नका. द्यायचे ते बँकेतून द्या. ‘आपल्यात कशाला एवढं’ असं म्हणून त्यांनी टाळलं, तर सध्या त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणूनच राहा आणि सळईचा फेरा चालू असतानाच भिवंडीत हलक्या मालाच्या दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना भेटून विचारा, चौदा फुटी गाडी लावली तर महिन्याला किती फेऱ्या देतील आणि पैसे किती दिवसांत.